खळ्यावरची वसुली

कर्जापायी माणूस अडकवून ठेवण्याची रीत केवळ आपलीच नव्हे. 1824 मध्ये चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना थकलेल्या देण्यासाठी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात राहावे लागले. अशा कैदेला इंग्लंडात 1869 च्या कायद्याने बरीच मर्यादा घातली. धनकोचा सौदा तसा खुळाच! कोंडलेला माणूस कमावणार काय आणि फेडणार काय?

आमचा सावकार अधिक व्यवहारी. शहापूर-मुरबाडकडच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या घरातला दाणा पावसाळ्यात संपे. तेव्हा खावटी द्यावयाची आणि भात झोडले की खळ्यावरच दिढीने मापून घ्यावयाचे. ना फिर्याद, ना बेलीफ. ज्याच्यापाशी भातही नाही, त्याचे अंगच तारण. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्याच डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी पैसे उचलणारी नवराबायको सावकाराकडे राबत राहत. या ‘लग्नगड्यां’ची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे.

कायदा आंधळा होता असे नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कुणब्याची औते, बैल आणि बियाणे जप्तीतून वगळले. पण कातकऱ्याला बैल कुठला? त्याचे दोन हात मोकळे करणारा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 मध्ये आला. त्याने वेठीचे कर्जच रद्द ठरविले.

तरीही पावसाळा सरता सरता वीटभट्टीची उचल घेऊन अख्खे कुटुंब बाहेर पडते. हंगाम संपल्यावर हिशेब होतो, उरलेली बाकी पुढच्या सालावर जाते. वही मालकापाशी असते.