लंडनच्या गाडीवानांची विद्या

लंडनमध्ये भाड्याची गाडी हाकण्याचा परवाना ज्याला हवा, त्याने शहराचे रस्ते मुखोद्गत करून परीक्षकासमोर तोंडी सांगावेत, हा 1865 पासूनचा शिरस्ता घोडे जाऊन मोटारी आल्या तरी मोडला नाही. चेरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांत सुमारे 25,000 रस्ते. उमेदवार मोपेडच्या हँडलवर नकाशा अडकवून, पावसापाण्याची तमा न बाळगता, गल्लीबोळ पालथे घालतात आणि मॅनॉर हाऊस ते गिब्सन स्क्वेअर हा परंपरागत पहिला धडा, आमच्या पंतोजींच्या पोरांनी पावकी-निमकी घोकावी तसा, घोकत बसतात. 2000 साली मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी अशा 16 चालकांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा स्थलस्मृतीचे दप्तर सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा पाठीमागचा भाग इतरांहून मोठा, आणि चाकरी जितकी जुनी तितका अधिकच मोठा आढळला. पुढचा भाग मात्र लहान निघाला.