पक्षाघात : पारंपरिक उपचार व प्रथमोपचार

पक्षाघात : (अर्धांगवायू, लकवा). मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडल्याने किंवा तेथील रक्तवाहिनी फुटल्याने शरीराची एक बाजू लुळी पडणे, तोंड वाकडे होणे, वाचा जाणे इ. लक्षणे ज्या विकारात उद्भवतात, त्यास पक्षाघात म्हणतात. खेड्यापाड्यांत या विकाराला ‘अंगावरून वारे जाणे’ असे म्हटले जाते. हा वाक्प्रचार वातदोषाच्या कल्पनेतून आला असून घरगुती उपचारांचे बरेचसे स्वरूपही त्यावरूनच ठरले आहे. वारे गेले म्हणून रुग्णाला घोंगडीत गुंडाळावयाचे, दारे-खिडक्या लावावयाची आणि वात शमविणारे तेल व शेक यांचा अवलंब करावयाचा, असा हा क्रम असतो.

या विकाराचे विवेचन आयुर्वेदात पुष्कळ जुने आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या, वातव्याधीच्या अध्यायात स्नेहन, स्वेदन व विरेचन हे उपचार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेत रुग्ण फार कृश नसेल, मनोनिग्रही असेल व उपचाराची साधने त्याला उपलब्ध असतील, तरच चिकित्सा हाती घ्यावी असे म्हटले असून ती तीन-चार महिने चालू ठेवण्यास सांगितले आहे. ही मुदत लक्षणीय आहे. पक्षाघातानंतर हातापायांत जी नैसर्गिक सुधारणा होते, तिचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो, असे आधुनिक निरीक्षण आहे. यूनानी वैद्यकात मात्र पहिले काही दिवस तीव्र औषध न देता मधमिश्रित पाण्यावर रुग्णास ठेवण्याची प्रथा होती.

‘लकवा’ हा शब्द अरबी असून यूनानी वैद्यकात त्याचा अर्थ केवळ चेहऱ्याचा पक्षाघात असा आहे. अर्ध्या अंगाच्या लुळेपणाला तेथे ‘फालिज’ म्हणतात. आयुर्वेदातही ‘अर्दित’ व ‘पक्षाघात’ असा भेद केलेला आहे. मराठीत मात्र ‘लकवा’ दोहोंसाठी रूढ झाला व हा भेद लोकव्यवहारातून पुसला गेला. त्याचे परिणाम केवळ भाषिक नाहीत. चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या तंत्रिकेचे कार्य स्पष्ट केले. या तंत्रिकेच्या विकाराने तोंड वाकडे झालेल्या दहांपैकी सुमारे सात रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप पूर्ण बरे होतात. अशा रुग्णाला जो झाडपाला लावला असेल, जो दोरा बांधला असेल, त्याला यश मिळणारच. पुढे तोच उपाय मेंदूत गुठळी झालेल्या रुग्णावर करण्यात येतो. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अल्पकाळ अडथळा येऊन तासाभरात हात पूर्ववत होणे, हेही असेच फसवे यश होय. कारण उपचार न केल्यास अशा दहांपैकी साधारण एकास पुढील तीन महिन्यांत खरा पक्षाघात होतो. एखाद्या उपायाची पंचक्रोशीत ख्याती कशी होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण अन्य रोगांत क्वचितच आढळेल.

कोपरगावच्या परिसरात आरोग्यप्राप्तीविषयीच्या श्रद्धा विशेष दृढ आहेत. गोदावरीकाठच्या कोपरगाव बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर असून मृतास उठविणारी संजीवनी विद्या कचाने येथेच संपादन केली, अशी स्थानिक समजूत आहे. हे नाव येथील साखर कारखान्यालाही होते. जवळचे शिर्डी हे गाव १९९९ मध्ये राहाता तालुका वेगळा होईपर्यंत कोपरगाव तालुक्यातच होते. तेथील साईबाबा (मृत्यू १५ ऑक्टोबर १९१८) आरंभीच्या काळात रोग्यांना औषधे देत व सुजलेल्या डोळ्यांवर त्यांनी बिब्ब्याचा उपयोग केला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. पुढे औषध मागे पडून धुनीची उदी हेच लोकांचे औषध झाले.

महाराष्ट्रातील लोकोपचारांत निर्गुडी, एरंड व रुई यांची पाने तापवून बांधणे, लसूण घालून कढविलेल्या किंवा महानारायण तेलाने मर्दन करणे, लसूण व उडीद खाऊ घालणे, वाचा गेल्यास वेखंड अथवा मधातून अक्कलकारा जिभेवर चोळणे, तुंबडी लावणे, बिबा घालणे व तप्त लोखंडाने डागणे यांचा समावेश होतो. लुळ्या अंगाला कबुतराचे ताजे रक्त चोळण्याचा प्रकारही आढळतो. त्याच्या उष्णतेने अंगातील गारठा जातो, ही त्यामागील कल्पना. बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढण्याचा उपाय मात्र येथील परंपरेतील नाही. तो चिनी प्रथेतून आला असून अलीकडे मोबाइलवरील संदेशांमुळे पसरला आहे.

यांपैकी रक्त चोळणे निरुपयोगी, तर डागणे व बिबा हे निश्चित अपायकारक होत. कारण लुळ्या भागाची संवेदना गेलेली असल्यास भाजल्याचे रुग्णास कळत नाही. सर्वांत घातक गोष्ट मात्र दिसावयास सर्वांत साधी आहे; ती म्हणजे शुद्ध हरपलेल्या किंवा जीभ जड झालेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी, मध वा काढा घालणे. पक्षाघातात गिळण्याची क्रिया पुष्कळदा बिघडते व घातलेला द्रव श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

मेंदूतील रक्तस्राव हे या विकाराचे एक कारण होय, हे योहान याकोप व्हेप्फर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनावरून दाखविले. तथापि जिवंत रुग्णात गुठळी आहे की रक्तस्राव, हे ओळखण्याचे खात्रीचे साधन १९७१ मध्ये मेंदूचे संगणकीय छेदचित्रण प्रथम झाले तेव्हाच मिळाले. तोवर डॉक्टरकडे नेण्याची घाई केली काय किंवा न केली काय, फारसा फरक पडत नसे, हे मान्य केले पाहिजे. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची उपयुक्तता १९९५ मध्ये सिद्ध झाली आणि चित्र पालटले. हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी गुठळी नळीवाटे बाहेर काढण्याची पद्धत २०१५ नंतर प्रस्थापित झाली असून निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते. रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूतील सुमारे १९ लाख तंत्रिका कोशिका दर मिनिटास नष्ट होतात, असा अंदाज आहे.

म्हणून तोंड वाकडे होणे, हात वर न राहणे व बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसल्यास रुग्ण शेवटचा केव्हा ठीक होता ती वेळ लिहून ठेवावी. शुद्ध नसल्यास त्यास कुशीवर निजवावे, कपडे सैल करावेत, कवळी काढावी व तोंडावाटे काहीही देऊ नये. ॲस्पिरिनही देऊ नये, कारण विकार रक्तस्रावाचा असल्यास ते घातक ठरेल. रक्तदाब उतरविण्याची गोळीही आपल्या मनाने देऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. कोपरगावहून नाशिक व अहिल्यानगर ही दोन्ही शहरे सुमारे १०० किमी. दूर आहेत, लोणी येथील वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८४) त्याहून जवळ आहे. हे अंतर पाहता पहिला तास शेकण्यात किंवा देवऋषीकडे नेण्यात गेला, तर साडेचार तासांपैकी हाती थोडेच उरते. छेदचित्रणाची सोय कोठे आहे याची चौकशी आधीच करून ठेवलेली बरी.

धोक्याचा काळ संपल्यावर घरच्या माणसांच्या हाताला पुष्कळ काम असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हलके मर्दन, सांध्यांची हालचाल, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे आणि बोलण्याचा सराव यांचा उपयोग होतो. तेल कोमट असावे व ते धडधाकट हाताला लावून पाहिल्याखेरीज लुळ्या हाताला लावू नये.