टाक्यांचा हिशेब

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना लोक कापण्याविषयी भरभरून बोलतात. शिवण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक पोट उघडण्याइतकेच ते नीट बंद करणेही कठीण. वरच्या कातडीची जखम आठ-दहा दिवसांत भरते आणि रोगी घरी जातो. पण पोटाच्या मध्यरेषेवर दोन्हीकडच्या स्नायूंना जोडणारा जो पांढरा, चिवट पडदा असतो, तो पुन्हा बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. तेवढ्यात हा सांधा आतून विरला की व्रणापाशी फुगवटा येतो. हाच शस्त्रक्रियेनंतरचा हर्निया. मध्यरेषेवर छेद घेतलेल्या दर दहा रोग्यांपैकी एका-दोघांच्या वाट्याला तो येतो.

खानापूर तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या वाट्याला तो आला होता. गल्लीतल्या बायका मराठीत विचारीत, शेतावरच्या कन्नडमध्ये, प्रश्न मात्र एकच, "काय उचललंस गं?" मावशी मरेपर्यंत त्या घागरीचा दोष आपल्या माथी घेऊन जगली. तो दोष खरोखर कितपत तिचा होता, हे मला पाहायचे होते. म्हणून मी डॉक्टर नसूनही हा इतिहास वाचू लागलो.

सुश्रुतसंहितेत आतड्याला छिद्र पडल्यास त्याच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्या डसवाव्यात, मग त्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावीत आणि त्यानंतर बाहेरून पोट शिवावे, असा विधी सांगितला आहे. आतले वेगळे व बाहेरचे वेगळे बंद करायचे, ही जाण तेव्हाही होती.

पुढे १८०९ च्या नाताळात अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल येथे एफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या पोटातून सुमारे साडेबावीस पौंडांची गाठ काढली. तेव्हा भुलीचे औषध नव्हते. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले, तो बाई स्वतःचे अंथरूण आवरीत होत्या! त्यानंतर त्या तीस वर्षांहून अधिक जगल्या.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली आणि पोटाच्या शस्त्रक्रिया नित्याच्या झाल्या. शिवायला बहुधा कॅटगट असे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेला दोरा. तो काही आठवड्यांत विरघळे. पडद्याला मात्र महिने हवे असत. विसाव्या शतकात न विरघळणारे नायलॉन आले, पुढे सावकाश विरघळणारे कृत्रिम दोरे आले, आणि हा पेच बराचसा सुटला.

उरला प्रश्न टाक्याचा. १९७६ मध्ये ब्रिटिश सर्जन जेंकिन्स यांनी एक साधा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगते, तेव्हा जखमेची लांबी तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. दोरा आखूड पडला तर तो मांस कापत जातो. म्हणून जखमेच्या निदान चौपट लांबीचा दोरा टाक्यांत गेला पाहिजे.

तरी टाका मोठा घ्यावा, कडेपासून चांगला सेंटीमीटरभर, असेच शिकवले जाई. स्वीडनमधील सुंड्सवाल येथे ७३७ रोग्यांवर तुलना झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मोठ्या टाक्यांनंतर १८ टक्के रोग्यांना हर्निया झालेला आढळला, लहान टाक्यांनंतर ५.६ टक्क्यांना. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील पाहणीनेही तीच दिशा दाखवली: वर्षभरानंतर २१ टक्के आणि १३ टक्के. कारण सोपे आहे. मोठ्या टाक्यात पडद्याबरोबर चरबी आणि स्नायूही आवळले जातात, ते दबून मरतात, टाका सैल पडतो आणि कडा दूर सरकतात. लहान टाका फक्त पडदाच पकडतो. आपल्याकडे वाकळ म्हणा की कौदी म्हणा, ती शिवणाऱ्या बायकांना हे काही नवे नाही. लांब टाक्यांची शिवण आधी उसवते.

युरोपातील हर्नियातज्ज्ञांच्या संस्थेनेही नियोजित शस्त्रक्रियेतील मध्यरेषेच्या छेदासाठी लहान टाक्यांची शिफारस केली आहे. ज्यांना धोका अधिक, अशांना पहिल्याच शस्त्रक्रियेत जाळी बसवण्याचाही विचार होतो.

याचा अर्थ घागर निर्दोष सुटली असा नव्हे. जुनाट खोकला, धूम्रपान, लठ्ठपणा, जखमेत झालेला पू, घाईने केलेले जड काम, या सर्वांचा ताण त्या सांध्यावर येतोच. पण सांधा किती ताण सोसेल, याचा बराचसा निकाल रोगी शुद्धीवर येण्यापूर्वीच लागलेला असतो. नेदरलँड्सच्या पाहणीत लहान टाके सरासरी पंचेचाळीस पडले, मोठे पंचवीस. आणि वेळ जास्त लागला तो सुमारे चार मिनिटे. घरातल्या कोणाची पोटाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आतले टाके कसे घालणार, हे डॉक्टरांना आधीच विचारायला संकोचू नये. चांगला डॉक्टर आनंदाने सांगेल.