पीकराखणीच्या बंदुकीचा परवाना

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात असई गावाजवळ 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची वेलस्लीच्या पलटणींशी गाठ पडली, तेव्हा या मुलखात बंदूक ही परवान्याची वस्तू नव्हती. पाटील-देशमुखांच्या वाड्यांत, गढ्यांवर आणि पोटासाठी कुणाच्याही चाकरीत राहणाऱ्या अरब-रोहिल्यांच्या खांद्यावर तोड्याच्या बंदुका असत. बंदूक कुणी बाळगावी हे ठरे ते ऐपतीवर आणि मनगटावर. आज त्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला ठासणीची साधी बंदूक हवी असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस ठाण्याची चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि मग अनिश्चित वाट पाहणे, असा क्रम आहे. या दोन टोकांच्या मध्ये जो कागद आला त्याची ही कुळकथा. तो कागद गरज तपासण्यासाठी जन्मला नाही, तो जन्मला अविश्वासातून. पुढे कायदा बदलला, पण कचेरीचा स्वभाव पुरता बदलला नाही, आणि त्याची झळ सामान्य घेणाऱ्यालाच सर्वांत जास्त बसते, असे माझे मत आहे.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी ठिकठिकाणी गावे निःशस्त्र केली. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना 1878 साली शस्त्र कायद्याने या धोरणाला कायमचे रूप मिळाले. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. सूट मिळालेल्या देशी लोकांत राजेरजवाडे आणि बडे जमीनदार होते. कूर्गच्या कोडव समाजाला 1861 पासून वेगळी सवलत होती आणि ती आजही वेळोवेळी वाढवली जाते. म्हणजे हत्यार कशासाठी हवे, यापेक्षा माणूस कोण आणि सरकारच्या किती जवळचा, हा पहिला प्रश्न. 1878 सालीच लिटनने देशी वृत्तपत्रांवरही कायदा लादला होता. तो रिपनने 1882 मध्ये मागे घेतला, शस्त्र कायदा मात्र राहिला. लेखणी चार वर्षांत सुटली, बंदुकीवरची बंदी इंग्रज गेल्यावरही टिकली. राष्ट्रीय सभेने 1887 च्या मद्रास अधिवेशनातच शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव केला होता.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. 1878 चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता, त्यामुळे तो इथे थेट लागू नव्हता. पण इंग्रजांची बंदूक इथे होतीच. जालन्याच्या कादराबादेच्या पूर्वेला 1827 साली हैदराबाद कंटिंजंटसाठी छावणी वसली आणि 1903 पर्यंत ती नांदती होती. शस्त्र आणि सत्तेची जवळीक मराठवाड्याने कायद्याच्या पुस्तकातून शिकण्याआधी अनुभवातून शिकली. 1947-48 मध्ये निजामाच्या पाठबळावरच्या रझाकारांच्या हाती हत्यारे होती आणि ज्या गावांवर ते तुटून पडले त्या गावांत बहुतेकांकडे काठ्या-कुऱ्हाडीच होत्या. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. हत्यार लायकीने नव्हे तर जवळिकीने वाटले की काय होते, याचा याहून उघड पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही.

स्वतंत्र भारताने या वारशाचे काय केले, हा कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग. राष्ट्रीय सभेच्या 1931 च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क घेतला गेला होता. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी त्याचीच आठवण देत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारांच्याही हाती पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. तो निर्णय बरोबर होता. अमेरिकेने 1791 मध्ये शस्त्राला हक्काची जागा दिली. तिथे आज प्रत्येक निर्बंधाला न्यायालयात स्वतःचे समर्थन करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये विनापरवाना हत्यारांची स्वतःहून दखल घेताना, आपल्याकडे असा मूलभूत हक्क नाही, याकडे लक्ष वेधले ते योग्यच.

पण हक्क नाही म्हणजे मेहेरबानी, असाही अर्थ होत नाही. 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याचे कलम 13 मन लावून वाचण्यासारखे आहे. रक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असे ते सांगते. ठासणीची पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही सोय त्यात आहे. पिस्तूल-रिव्हॉल्वर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. कलम 14 आणखी पुढे जाते. सार्वजनिक शांततेसाठी परवाना नाकारता येतो, पण अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. लिटनच्या कायद्याची मांडणी संसदेने इथे उलटी केली होती. पहिला मान गरजेला दिला आणि शेतकऱ्याचे हत्यार सर्वांत सोपे ठेवले.

व्यवहारात मात्र चित्र उलटे दिसते. आपल्याकडे परवाना म्हटले की डोळ्यांसमोर येते ते पुढाऱ्याच्या किंवा कंत्राटदाराच्या कमरेचे पिस्तूल, शेतातल्या मचाणावरची बारा बोअर नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2024 च्या अखेरीस हजारावर परवाने असल्याचे बाहेर आले आणि मग छाननी सुरू झाली. इकडे अंबड-घनसावंगीकडे उसात रानडुकरे दडतात, परतूर-मंठ्याकडे रोह्यांचे कळप सोयाबीन-तुरीत शिरतात, आणि शेतकरी प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढतो. नळीच्या मागच्या टोकाला लायटरचा खटका, आत गॅस साठला की भडका. हे यंत्र हातात फुटले तर डोळा जातो. कायद्याने सोपी ठेवलेली बंदूक मिळायला अवघड, म्हणून माणूस त्याहून धोक्याच्या वस्तूकडे वळतो. दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशाच्या सीमेवरून येणारा गावठी कट्टा अर्जाविनाच मिळतो. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तिने कट्टा वापरणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, कारण तो परवान्याच्या वहीत कधी नव्हताच. ती वही पाळणाऱ्यालाच अधिक घट्ट बांधते.

यावर पहिला आक्षेप असा, की बंदुका वाढल्या तर भांडणात आणि नैराश्यात त्या वापरल्या जातील. आत्महत्यांनी पोळलेल्या मराठवाड्यात हा आक्षेप हलका नाही. म्हणूनच सरसकट सैल परवाने मागणे चुकीचे आहे. चौकशी आणि प्रशिक्षण हवेच. पण आक्षेपाचा खरा रोख लपवता येणाऱ्या, पटकन उपसता येणाऱ्या हत्याराकडे असायला हवा, आणि नेमकी तीच हत्यारे प्रतिष्ठेपोटी मागितली जातात. दुसरा आक्षेप वन्यप्राण्यांचा. रोही आणि रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. परवान्याची बंदूक असली तरी वनखात्याच्या अधिकृत परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही, आणि ते बरोबर आहे. पण मग दोन खात्यांनी एकत्र बसून सांगायला हवे, की पीकरक्षणाचा परवाना नेमका कशासाठी आहे, आवाजासाठी की शिकारीसाठी, आणि वन खात्याची परवानगी किती दिवसांत मिळेल. आज एक कायदा पीक वाचवायला बंदूक देतो आणि दुसरा ती कधी चालवायची ते ठरवतो. दोन्हींच्या मधला वेळ शेतकऱ्याच्या तुरीवर जातो.

तिसरी अडचण निवडणुकीची. 15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि 20 नोव्हेंबरला मतदान झाले. अशा काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या जातात. कोणाची घ्यायची हे छाननी करून ठरवावे असे अपेक्षित आहे. तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो आणि तूर उभी असते. गुन्ह्याची नोंद असलेल्या माणसाचे पिस्तूल जमा व्हावे यात वाद नाही. ठासणीच्या बंदुकीचा शेतकरी त्याच यादीत बसवणे म्हणजे छाननी टाळणे होय.

1 मे 1981 ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून या परवान्यांचा निर्णय इथल्याच जिल्हाधिकारी कार्यालयात होतो. म्हणून दुरुस्तीला मुंबई-दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. पीकरक्षणाचे अर्ज पिस्तुलाच्या अर्जांपासून वेगळे काढावेत, त्यांना मुदत घालावी आणि दर वर्षी किती आले, किती मंजूर झाले हे जाहीर करावे. आणि ज्या शेतकऱ्याचा अर्ज नाकारला गेला असेल त्याने तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कलम 14 चा हवाला देऊन कारण लेखी मागावे आणि कलम 18 खाली अपील करावे.