महागडी साउंड सिस्टिम पाहुण्यांना कशी ऐकवावी?

उत्तम आवाजासाठी स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल यांवर भरपूर पैसा आणि वेळ खर्च करणाऱ्या हौशी माणसाला 'ऑडिओफाइल' म्हणतात. ही हौस बरेचदा एकट्याचीच राहते. घरी आलेला मित्र दोन मिनिटं ऐकतो, 'मस्त आहे' म्हणतो आणि मोबाइल काढतो. यजमान हिरमुसतो, मित्र अवघडतो. पुढच्या वेळी दोघंही तो विषय टाळतात. दोष मित्राच्या कानाचा असतोच असं नाही. अनेकदा तो ऐकवण्याच्या पद्धतीत असतो.

पाहुण्याला कुठे बसवावं?

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला, की गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून आल्यासारखा वाटतो. ही जागा जेमतेम एका माणसाची असते. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याकडे जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो, त्यामुळे सगळं गाणं त्याच बाजूने येतंय असं त्याला वाटतं. म्हणून मधली खुर्ची पाहुण्याला द्या. चार जण असतील तर प्रत्येकाला एकेका गाण्यापुरती द्या.

गाणं कोणाच्या आवडीचं?

पाहुण्याच्या. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं असेल तरच त्याला नवं काय ऐकू येतंय ते कळतं. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर नीट येत नाहीत. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा किंवा गाण्यामागचा तानपुरा अशा वेळी पहिल्यांदाच जाणवू शकतो. रेकॉर्डिंगच सुमार असेल तर महागडी सिस्टिम त्यातले दोषही दाखवते, हेही गंमत म्हणून सांगता येईल. एलपीची एक बाजू साधारण २० ते २५ मिनिटांची असते. पाहुण्यासाठी एक-दोन गाणी पुरेत.

आवाज किती ठेवावा?

आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे सूर तुलनेने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं. त्यामुळे यजमानाचा हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. पण १० डेसिबलने वाढलेला आवाज कानाला जवळपास दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. शेजाऱ्यांचाही विचार हवाच. भारतात निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे.

'फरक कळला का?' असं विचारावं का?

शक्यतो नको. तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि पाहुणा भिडेखातर 'हो' म्हणतो. वयानुसार वरचे सूर कमी ऐकू येऊ लागतात, त्यामुळे काका-आजोबांना तर उगीच ओशाळल्यासारखं होतं. त्यापेक्षा 'काय आवडलं?' असं विचारा. दोन उपकरणांची तुलना करायचीच असेल तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा आणि कोणतं चालू आहे ते सांगू नका. किंचित मोठा आवाजही कानाला 'चांगला' वाटतो. फरक कळला नाही, तर तेही खरं उत्तर समजा. केबल आणि किमतीची माहिती विचारल्यावरच द्या.

एकत्र ऐकण्याची परंपरा

जपानमध्ये परदेशी रेकॉर्ड सामान्यांना परवडत नसत, तेव्हा कॉफीच्या पैशांत उत्तम सिस्टिमवर जॅझ ऐकवणारे 'जॅझ किस्सा' रुजले. योकोहामातलं 'चिगुसा' १९३३ मध्ये सुरू झालं. अशा अनेक ठिकाणी गप्पांना मनाई असे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'नेही जुन्या रेकॉर्ड एकत्र बसून ऐकण्याचे कार्यक्रम केले.

घरी मात्र गप्पांना मनाई नको. दोन गाणी झाली की आवाज कमी करा आणि चहा ठेवा. पाहुण्याला अजून ऐकायचं असेल, तर तो स्वतःच पुढचं गाणं सुचवेल.