समुद्राच्या तळाशी उजेड

विहिरीत बुडी मारणाऱ्याला ठाऊक असते, खाली जावे तसा उजेड मंदावतो. पण पाणी सगळे रंग सारखे गिळत नाही. तांबडा आधी गिळते. म्हणून खोलातला लालभडक मासाही काळपट दिसतो.

१८९३ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, बान्यूल येथे, लुई बुताँ हा प्राणिशास्त्रज्ञ पाण्याखाली फोटो घेऊ लागला. ऊन पुरेना, मग त्याने दिवाच खाली नेला! २०० लिटरचे प्राणवायूने भरलेले पिंप, त्यावर काचेच्या घंटेत स्पिरिटचा दिवा. रबरी फुगा दाबला की मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडे आणि लख्ख उजेड पडे. चूल पेटवून समुद्रात उतरण्यासारखेच हे!

१९२६ साली अमेरिकेत, फ्लॉरिडाजवळच्या बेटांपाशी, लाँग्ली आणि मार्टिन यांनी ही पूड तराफ्यावर पेटवून पाण्याखाली माशांचे रंगीत फोटो घेतले. लाँग्ली त्यात भाजलाही.

आजचा पाणबुड्या विजेचा फ्लॅश घेऊन माशाच्या अगदी जवळ जातो. मधले पाणी जितके कमी, तितका तांबडा रंग शिल्लक. आणि फ्लॅश धरायचा तो बाजूने, बरे का! समोरून धरला तर पाण्यातला गाळच चमकतो. धुक्यात मोटारीचा दिवा लावावा, तसा पांढरा पडदा उभा राहतो.