तकशीफ निघून गेला

मोरोक्कोतल्या रिसानी गावाच्या तोंडाशी गाडी थांबते. पहाटेपासून तुम्ही एर्ग शब्बीच्या वाळूत होतात. तिथल्या दीडशे मीटर उंच टेकड्यांवर चढायचं म्हणून ड्रायव्हरने लँड क्रूझरच्या चाकांतली निम्मी हवा सोडून दिली होती. हवा कमी झाली की चाक पसरतं, आणि पसरलेलं चाक वाळूत रुतत नाही. उंटाचा गादीसारखा तळवा हेच काम करतो. आता डांबरी रस्ता लागला म्हणून ड्रायव्हर पंप काढून पुन्हा हवा भरायला बसला आहे. चार चाकांना वेळ लागणारच. तेवढ्यात तुम्ही खजुरीच्या बागांपलीकडे दिसणाऱ्या मातीच्या पडक्या भिंतींकडे चालू लागता.

हे सिजिलमासा. आठव्या शतकात वसलेलं, सहाराच्या उत्तर काठावरचं मोठं व्यापारी शहर. दक्षिणेकडचं सोनं इथे येत असे आणि इथून फेझला, भूमध्य समुद्राकडे जात असे. आज इथे भिंतींचे बुंधे उरलेत.

इथून सरळ दक्षिणेला जायचं ठरवलंत, तर गाडी तुम्हाला फार लांब नेणार नाही. अल्जीरियाची सीमा १९९४ पासून बंद आहे, आणि त्याच्याही खाली उत्तर मालीत २०१२ पासून बंदुका शांत झालेल्या नाहीत. एक काळ असा होता की यंत्राने हे वाळवंट जिंकलं असं लोकांना वाटलं. १७ डिसेंबर १९२२ रोजी अल्जीरियातल्या तुगूर्तहून सित्रोएन कंपनीच्या पाच गाड्या निघाल्या. त्यांना मागे चाकांऐवजी रबरी पट्टे होते. ७ जानेवारी १९२३ला त्या टिंबक्टूत पोचल्या. तीन आठवड्यांत सहारा पार. पण तुम्हाला जायचं आहे ते वलाता गाव त्यांच्या वाटेवर नव्हतं. तिथे पोचायला सहाशे सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

भिंतीवर हात ठेवा. माती ऊन आहे. मागे पंपाची घरघर चालू आहे. ती हळूहळू जाड होते, तिला गळा फुटतो, आणि तुम्ही वळून पाहता तेव्हा ती घरघर गुडघे मोडून बसलेल्या शेकडो उंटांची असते.

फेब्रुवारी १३५२. भिंती पूर्ण उंचीच्या आहेत. खजुराचे ढीग, कापडाचे गठ्ठे, मण्यांच्या पिशव्या, कातडी दोर. एका बाजूला अठ्ठेचाळिशीतला एक गृहस्थ स्वतःच्या उंटांवर चारा लादून घेतोय, चार महिन्यांचा. टँजियरचा इब्न बतूता. पंचवीस वर्षं जग हिंडून तो घरी परतला, आणि आता शेवटचा मोठा प्रवास करायला निघाला आहे. गावात तो ज्या विद्वानाकडे उतरला होता, त्याच्या भावाला तो याआधी चीनमध्ये भेटला होता! एवढ्या मोठ्या जगात माणसं अशी एकमेकांना सापडत होती, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

आणि तुमच्या मुलखाशीही त्याची ओळख आहे. दिल्लीत तो मुहम्मद तुघलकाचा काझी होता. १३४२ मध्ये तिथून निघून दक्षिणेला येताना त्याने दौलताबाद पाहिलं, कातळात कोरलेला देवगिरीचा किल्ला पाहिला, नंदुरबार पाहिलं. मराठे लोक कसे राहतात, काय खातात, तेही त्याने नोंदवून ठेवलं. तुम्ही मरहट्ट देशाचे आहात असं सांगितलंत, तर तो तुम्हाला परका समजणार नाही.

तांड्याचा म्होरक्या मसूफा जमातीचा आहे. तो हाक देतो. तुमचा उंट आधी मागचे पाय उचलतो, तुम्ही पुढे कोसळता कोसळता खोगिराचा खुंट धरता, मग पुढचे पाय उठतात आणि जमीन एकदम खूप खाली जाते. कूच.

पहिले दिवस अंगदुखीचे. मांड्या सोलवटतात, कंबर मोडते. मग कधीतरी उंटाची झोकांडी तुमच्या अंगात मुरते आणि दिवस मोजायचं राहून जातं. पंचविसाव्या दिवशी ताघाझा येतं.

गाव पाहून तुम्ही थबकता. घरं मिठाची आहेत. भिंती मिठाच्या चिऱ्यांच्या, मशीद मिठाची, वर छप्पर उंटाच्या कातड्यांचं. झाड एकही नाही. चहूकडे वाळू, आणि वाळूखाली मिठाच्या जाड लाद्या, कुणीतरी घडवून एकावर एक रचून ठेवल्यासारख्या. एका उंटावर दोन लाद्या जातात. पाणी मचूळ, माश्या इतक्या की घास तोंडाशी नेणं मुश्कील.

मीठ खणतात ते मसूफांचे गुलाम. या गावात राहणारे तेवढेच. इथे काहीच पिकत नाही, म्हणून त्यांचं पोट दुसऱ्यांच्या तांड्यांवर चालतं: उत्तरेकडून खजूर, दक्षिणेकडून भरड धान्य, शिवाय उंटाचं मांस. तांडा आला नाही तर जेवण नाही. त्यांनी काढलेल्या मिठाचं उंटभर ओझं वलाता गावी आठ ते दहा मिस्काल सोन्याला विकलं जातं. पुढे मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीसलाही. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम. दक्षिणेत मिठाचे तुकडे करून नाण्यासारखे वापरतात.

आपल्याकडेही लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून घाट चढत, पण ते आपल्या कुटुंबकबिल्यासह आणि आपल्या मर्जीने. इथे भिंतीशी बसलेल्या एका माणसाच्या हाताला मिठाने भेगा पडल्या आहेत. इब्न बतूताच्या प्रवासवृत्तात सिजिलमासाच्या यजमानाचं नाव आहे, तांड्याच्या म्होरक्याचं नाव आहे. या माणसांपैकी एकाचंही नाही. पुढच्या वर्षी इब्न बतूता ज्या तांड्याबरोबर परत फिरेल त्यात सहाशे गुलाम स्त्रिया असतील, आणि तो त्यांची फक्त संख्या लिहील. एवढा बारीक पाहणारा माणूस! मी त्याला हे माफ करू शकलेलो नाही.

दहा दिवस तिथे हाल काढून तांडा पुन्हा निघतो. पुढचे दहा दिवस एरवी पाण्याविना काढायचे असतात, पण तुमच्या नशिबाने यंदा पाऊस झाला आहे. खडकांत डबकी साचली आहेत. दोन टेकड्यांमध्ये गोड्या पाण्याचं एक कुंड सापडतं आणि सगळे कपडे धुऊन घेतात. उवांचा सुळसुळाट आहे. त्यांना दूर ठेवायला लोक पारा चोळलेले दोरे गळ्यात बांधतात. तुम्हीही बांधता.

पाणी आहे म्हणून माणसं सैल होतात. काहीजण चारा पाहून तांड्याच्या पुढे निघून जातात, उंट चरू देतात, मागून तांडा येऊन मिळतो. तुम्हालाही ही मोकळीक आवडते. मग एके दिवशी इब्न झीरी नावाच्या व्यापाऱ्याचं मामेभावाशी भांडण होतं. रागाने तो मागे रेंगाळतो. मुक्काम पडतो, तो येत नाही. माग काढायला माणूस लावा असं इब्न बतूता त्या मामेभावाला सांगतो. तो ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी एक मसूफा आपणहून शोधायला जातो. त्याला माग सापडतो, कधी वाटेवरून जाणारा, कधी वाटेबाहेर. माणूस सापडत नाही.

नंतर समोरून एक तांडा येतो. त्यांचीही काही माणसं चुकली आहेत. त्यांतला एक तुम्हालाच भेटतो: खुरट्या झुडपाखाली, अंगावर कपडे, हातात चाबूक, मेलेला. तिथून पाणी मैलभरावर होतं.

त्या दिवसापासून तुम्ही कुणाच्या पुढे जात नाही आणि कुणाच्या मागे राहत नाही.

तसारहला येतं. इथे जमिनीखाली पाणी आहे. तीन दिवस मुक्काम. सगळे पाण्याच्या कातडी मसका दुरुस्त करतात, भरतात, आणि वाऱ्याने पाणी उडू नये म्हणून त्यांच्यावर जाड गोणपाट शिवतात. तुम्हीही दाभण हातात घेता. पण मुक्कामाचं खरं काम वेगळंच आहे. इथून तकशीफ पाठवायचा आहे.

तकशीफ म्हणजे आपल्याकडचा जासूद म्हणा. मसूफांपैकी एक माणूस तांडा मोलाने ठरवतो. व्यापारी त्याच्याकडे वलातातल्या मित्रांसाठी चिठ्ठ्या देतात: आमच्यासाठी घरं भाड्याने घेऊन ठेवा, आणि चार रात्रींच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे या. कारण मसकांतलं पाणी वलातापर्यंत पुरणारं नाही. तकशीफ एकटा पुढे जातो. तो पोचला तर वलाताचे लोक पाणी घेऊन निघतात. तो वाटेत मेला तर तांडा येतोय हे तिथे कुणाला कळतच नाही, आणि मग सगळा तांडा, किंवा त्यातले बरेच, मरतात. या भागात पिशाच्चं फार. एकटा माणूस दिसला की ती त्याला खेळवतात, भुलवतात, वाट चुकवतात, असं सगळे मानतात. वाट अशी नाहीच. वाळूचा डोंगर आज इथे, वाऱ्याने उद्या तिकडे.

त्याचं मोल शंभर मिस्काल. तुम्ही मनात तोळे करता: छत्तीसच्या वर. तो चिठ्ठ्या अंगरख्यात बांधतो आणि निघतो. कुणी मोठ्याने काही बोलत नाही. वाळूच्या कडेशी तो ठिपका होतो, मग तोही नाही.

आता दिवसा चालणं बंद. दुपारच्या नमाजानंतर निघायचं, रात्रभर चालायचं, सकाळी थांबायचं. पुढे वाटाड्या आहे. त्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा दुखरा, तरी वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. तुम्ही दोन चांगले डोळे घेऊन त्याच्या मागे चालता आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. पण हा मुलूख उजळ आहे. रात्रीसुद्धा वाळूला उजेड असतो, छाती मोकळी होते, आणि चोरांची भीती नाही.

तिसऱ्या रात्री तुमची मसक हलकी लागते. चौथ्या रात्री तुम्ही ती हलवून पाहणं सोडता, कारण शेजारचे पाहत असतात. पाचव्या रात्री तुमच्या डोक्यात दुसरं काहीच उरत नाही: तो कुठे असेल? पाय मुरगळला असेल? वाळूने त्याला फिरवून पुन्हा त्याच जागी आणलं असेल? ही चिंता तांड्यातल्या प्रत्येकाला आहे, आणि ती कुणीच बोलून दाखवत नाही. व्यापारी सोन्याचं बोलत नाहीत. उंटसुद्धा गप्प आहेत. सहाव्या रात्री तुम्ही थुंकी गिळायला जाता आणि तोंडात ती नसते.

सातवी रात्र. पुढच्या उंटावरून कुणीतरी ओरडतं. तुम्ही खोगिरावर उंच होता. दूर, अगदी जमिनीला लागून, एक लाल ठिपका. तारा असेल. मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि तारे असे थरथरत नाहीत. तिसरा. चौथा. शेकोट्या आहेत.

चिठ्ठ्या पोचल्या.

माणसं रडतात, हसतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात मारतात. कुणीतरी मसकेचं तोंड सोडून तुमच्या ओठांना लावतं. पाण्याला कातड्याचा आणि धुराचा वास आहे. तुम्ही पीत राहता, दम लागतो, पुन्हा पिता. मग मसक खाली ठेवून शेकोट्यांभोवतीचे चेहरे पाहत फिरता. त्यांत तो आहे का, हे तुम्हाला ओळखता येत नाही. तसारहलाला तुम्ही त्याला पाहिलं होतं ते पाठमोरं.